पडलेला शब्द

"वळ," जनादादा म्हणाला. "जरासा टोचतला, मगे काय नाय."

मी भिंतीकडे तोंड केले. कुडाळला त्याची व्यायामशाळा होती. तिच्यामागे वजनाच्या मोडक्या तबकड्या टाकायची एक अरुंद खोली होती, आणि तिथे गंजाचा व निलगिरीच्या तेलाचा वास कायम कोंडलेला असे. दाराशी माझी आई उभी होती, पदराचे टोक दातांत धरून. सुई आत गेली तेव्हा मी तोंडातून हूं की चूं काढले नाही. आवाज वाया न घालवण्याची मला लहानपणापासून सवय होती.

काय आहे हे, असे मी विचारले. ताकदीचे आहे, असे त्याने सांगितले. आणि तो सांगण्याआधीच आई होकाराची मान हलवू लागली होती. ती मान मी पाहिली होती. तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला.

दशावतारी मंडळीत मी तेव्हा स्त्रीपार्टी करीत होतो. तेवीस वर्षांचा होतो, आणि माझ्या गालांवर वस्तरा फिरवण्याजोगे काही उगवले नव्हते. घसा बारीक होता. पायपेटीच्या वरच्या पट्टीत तो न ओरडता जाई आणि तिथे बराच वेळ राहू शके. चारचौघांत मला एक वाक्य धड पुरे करता येत नसे. दुकानात गेलो तरी बोट दाखवून वस्तू मागणारा मी. पण लुगडे नेसून, कपाळावर कुंकवाची चिरी ओढून उभा राहिलो की कुठून कोण जाणे, शब्द येत. द्रौपदी होऊन मी भर सभेला जाब विचारला आहे. निळू मेस्त्री म्हणून मी कोणाला साधी वाटही विचारली नव्हती.

आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी रंगपटात मालक आख्यान सांगतात, कोण कोणाचा, कोणी कधी यायचे आणि कधी मरायचे, एवढेच. बाकी ज्याने त्याने उभ्या उभ्या बोलायचे. त्याला नियम एकच, आणि आमचे मालक तात्या राऊळ तो पोथीतल्या ओवीसारखा सांगत. समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायचे, शिवी आली की शाप द्यायचा, काहीच सुचले नाही तर रडायचे. पण शब्द उचलायचा. "शब्द पडलो," तात्या म्हणत, "तर नाटक पडला."

जनार्दन सावळ, म्हणजे जनादादा, राजे आणि असुर करी. उंच, पिळदार, रुंद खांद्यांचा. त्याने गदा उचलली की पुढे बसलेली पोरे मागे सरकत. माझा शब्द त्याने कधी पडू दिला नव्हता. मी मनोमन त्याला भाऊ मानत आलो होतो.

तर, इंजेक्शन कशासाठी, ते सांगायला हवे. माझ्या लग्नाचे पाहत होते. एका स्थळाकडच्या मामांनी जत्रेत माझी दमयंती पाहिली, चहा घेतला, सुपारीही खाल्ली, आणि उठताना हसत हसत म्हणाले, "आमका चेडू देवचा आसा, न्हेवचा नाय." मुलगी द्यायची आहे, न्यायची नाही. वाक्य इतके नेटके होते की ते आठवड्याभरात तालुकाभर फिरले. मला त्याचे फारसे काही वाटले नाही. स्त्रीपार्टीला असे बोल नवे नसतात. पण आई त्या दिवसापासून जेवताना माझ्या हनुवटीकडे पाहू लागली. पाहता पाहता घास हातातच राही. शेवटी ती जनादादाकडे गेली.

त्या दोघांनी ठरवले. माझ्या देहाविषयीची ती बैठक माझ्याच ओटीवर झाली असेल, आणि मी तेव्हा विहिरीवर पाणी शेंदत असेन. आज इतक्या वर्षांनीही मला राग येतो तो याचा. ठरवणारी माणसे माझी होती, प्रेमाची होती, आणि एकालाही असे वाटले नाही की ज्याच्या मांसात सुई जायची आहे, त्याला दोन शब्द सांगावेत.

आरंभी सगळे आनंदाचेच दिसले. दंड भरले. भूक वाढली. हनुवटीखाली काळे खुंट आले तेव्हा आईने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. जनादादाने पाठीवर थाप मारली. मलाही बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग पाठीवर दुखरे फोड आले. मग मला राग येऊ लागला, कारण नसताना, अंगातून वाफ चढावी तसा. आणि तो उतरला की संध्याकाळभर रडावेसे वाटे. आणि मग एका प्रयोगात, दमयंतीच्याच विलापात, "नाथ" हा शब्द वरच्या पट्टीत न्यायला गेलो आणि तो मधेच फुटला. एक जाडा, खरखरीत तुकडा बाहेर पडला. लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "बायेक पडसा झाला." पायपेटीवर तात्या स्वतःच असत. त्यांनी सूर मोठा केला आणि माझा आवाज झाकून घेतला. पडसेच असेल, असे मीही धरून चाललो. ज्येष्ठमध चघळले, आल्याचा रस घेतला, बोलणे बंद ठेवले. सुई मात्र चालू होती.

ज्या गोष्टीवर माझा विश्वासच बसेना, ती वैजूवयनीने सांगितली.

वैजयंती ही जनादादाची बायको. मंडळीतल्या सगळ्या चोळ्या तीच शिवी, आणि नऊवारी नेसायला मला तिनेच शिकवले होते. नव्या चोळीचे माप घेताना तिचा हात एकाएकी थांबला. फीत तिने पुन्हा लावली. मी दुखून मागे सरलो.

"रे निळू," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या काय?"

छातीच्या दोन्ही बाजूंना, आत, सुपारीएवढ्या गाठी होत्या, आणि त्यांच्याभोवती मांस चढले होते. मी ते कित्येक दिवस ढगळ सदऱ्याखाली लपवत होतो. रंगपटात ते आधीच कळले होते. तिथे कोणी म्हणाले होते की, आता तुका चोळीत बोळे घालूचे नको. मी त्यांच्याबरोबर हसलो होतो. वैजूवयनी हसली नाही. तिने फीत गुंडाळली, काय घेतोस म्हणून विचारले, आणि मी सांगितले तेव्हा तिने शिलाईयंत्रावर झाकण घातले. मग म्हणाली की, उद्याच्या उद्या गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि आईला सांगू नकोस.

दवाखान्यात माझे पूर्ण नाव पुकारले गेले, नीलकंठ मेस्त्री, तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे वाटून मी जरा उशिरानेच उठलो. डॉक्टर प्रौढ होते, बोलणे तुटक पण प्रेमळ. त्यांनी तपासले, रक्त घेतले, पुन्हा बोलावले. दुसऱ्या खेपेला दार लावून घेतले.

ते म्हणाले, "तुला जे टोचलं जातंय ते पुरुषी हार्मोन आहे. तेही भरमसाट. शरीराला जास्तीचं सोसत नाही. ते त्यातल्या काहीचं उलटं करून टाकतं, बाईच्या अंगातलं. म्हणून छाती."

मी सदऱ्याच्या गुंड्या लावू लागलो.

"आणि बाहेरून येतंय म्हटल्यावर आतल्या कारखान्याने काम सोडलंय. वीर्यात बीज नाही. आज तुझं लग्न असतं, तर मूल झालं नसतं."

परत येईल का, एवढे मी विचारू शकलो. ते म्हणाले, बंद कर, वेळ लागेल, बहुतेकांचे परत येते. गाठी उतरल्या नाहीत तर कापाव्या लागतील. आणि घसा, मी विचारले. माझा व्यवसाय त्यांना ठाऊक नव्हता. ते सहज म्हणाले, "आवाज एकदा उतरला की उतरला. पण तो काय, पुरुषाला शोभतोच की."

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर खाजणे, खाडीकाठची खारी शेते, होती, आणि संध्याकाळच्या पाण्यात एकेक बगळा आपल्याच पायांकडे पाहत उभा होता. मी त्या 'शोभतो' शब्दाचा विचार करीत होतो. आणि मग, बांद्याच्या आसपास कुठेतरी, दुसरा विचार आला. जनादादा तीच सुई स्वतःला घेत होता, त्याच खोलीत मी ते पाहिले होते. मला वाटते, त्याच्या लग्नाच्याही आधीपासून.

जनादादा-वैजूवयनीला मूल नव्हते. आणि दरवर्षी देवळाच्या वर्धापनदिनी, सगळ्या गावासमोर, वैजूवयनीच्या नावाने गाऱ्हाणे घातले जाई. देवळाचे म्हातारे मानकरी, गावकार, नारळ हातात घेऊन मोठ्याने देवाला सांगत की हिच्या वटीत एक फळ घाल, हिच्यात काय खोट असेल तर दूर कर, आणि गाव म्हणे, "होय म्हाराजा." ती डोके खाली घालून उभी असे. दरवर्षी मीही म्हणत आलो होतो, होय म्हाराजा.

आईशी माझे बोलणे थोडक्यात आटोपले. तुझ्या भल्यासाठी केले, असे ती म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन रडली. 'भले'. त्या शब्दाने आजवर किती माणसे मारली असतील.

जनादादाला मात्र मी गाठले, त्याच मागच्या खोलीत. डॉक्टरांचे सगळे बोलणे अडखळत, चाचरत, पण सांगितले, आणि माझी सुई आता बंद, असेही. तो हातांना खडूची पूड चोळत ऐकत होता. त्याने नाकारले नाही. आपल्यालाही एका डॉक्टरने असे काहीसे सांगितले होते, पण ते लोक घाबरवतातच, असे म्हणाला. बंद केले तर हे दंड उतरतील आणि उतरलेल्या दंडांच्या माणसाकडे व्यायामाला कोण येईल.

"वयनीक सांग," मी म्हणालो.

"काय सांगू? तुजो नवरो निकामी आसा म्हणान सांगू?"

"पण गाऱ्हाणा तिच्या नावान घालतत."

"घालूं देत." तो हसला, खरेच हसला. "बायलमाणसाक लोक बोलतत रे. तिका आता सवय झाली."

  रंगमंचावर त्याचा एकही शब्द मी कधी पडू दिला नव्हता. आणि तिथे, गंजक्या लोखंडात, हे वाक्य माझ्या पायांशी पडले आणि मी ते तसेच टाकून बाहेर आलो. सवय झाली. वाटभर मी तेच ऐकत होतो. माणसाला काटा टोचतच ठेवायचा आणि तो ओरडेनासा झाला की म्हणायचे, सवय झाली.

वैजूवयनीला मी सांगू शकलो नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. दवाखान्यात काय म्हणाले, असे तिने विचारले, तेव्हा मी माझ्या छातीचे तेवढे सांगितले. ती म्हणाली, "सुटलंस बाबा एकदाचो," आणि मला घावन वाढले.

वर्धापनदिन आला. प्रयोग दुपारीच होता, आणि दिवेलागणीला गाऱ्हाणी. तात्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, माझा घसा आज लागला तर ठीक. नाहीतर उद्यापासून त्यांना दुसरा स्त्रीपार्टी पाहावा लागेल. त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. मग रंगपटात सगळ्यांना जमवून त्यांनी आख्यान सांगितले. समुद्रमंथन. मी मोहिनी, जनादादा असुर. अमृताची पंगत बसेल, मोहिनी देवांना पाजील आणि असुरांना झुलवील. "ह्यो झुलवण्याचो भाग," तात्या म्हणाले, "तुमी दोघांनी बघून घेवा. मोठो करा. लोकांका आवाडता."

मी दोनदा दाढी केली आणि वर रंगाचा जाड थर दिला. हातात पितळी कुंभ. मांडवाच्या कनातींतून उतरते ऊन आत आले होते. बायकांच्या बाजूला, पहिल्याच रांगेत वैजूवयनी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत गाऱ्हाण्याचा नारळ.

पहिल्याच वाक्याला घसा फुटला. हशा उठला. "दाढी कर गो बाये," असे कोणीतरी म्हणाले आणि हशा वाढला. मी तात्यांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली होती. तेव्हा मी वर जाण्याचे सोडून दिले. पट्टी शोधत खाली, खाली उतरलो, जिथे माझा नवा, परका आवाज राहत होता, आणि तिथून बोललो.

"हसा. हे रूप मोहिनीचे आहे. पण ज्या नारायणाने ते धारण केले, त्याचा स्वर त्याला लपवता आलेला नाही. रूपाला भुललात तर फसाल. स्वर ऐका."

हशा विरला. तात्यांचा हात पायपेटीवर आला आणि त्यांनी खालचा षड्ज धरला.

जनादादा ऐटीत पुढे आला. "हे सुंदरी, स्वर कोणाचाही असो, कुंभ तुझ्या हाती आहे. या तहानलेल्या असुराला अमृत पाज."

"पाजीन. पण पाजणाऱ्याने आधी सांगावे, असा माझा नियम आहे. असुरश्रेष्ठा, तू कधी कोणाला न सांगता काही पाजले आहेस?"

त्याच्या डोळ्यांत क्षणभर काही हलले. मग त्याने शब्द उचलला. "पाजले असेल. दुबळ्याला बळ यावे म्हणून पाजले असेल. बळ देणे हे काय पाप आहे?"

"त्याला विचारले होतेस?"

"दुबळ्याला काय विचारायचे?" लोक हसले, त्याला बळ आले.

"आणि तू स्वतः तेच प्यालास?"

"प्यालो. वर्षानुवर्षे प्यालो. पाहा हे बाहू." त्याने दंड फुगवले. टाळ्या पडल्या.

"बाहू पाहिले. आता तुझ्या महालाकडे पाहू. तिथे पाळणा का हलत नाही?"

टाळ्या थांबल्या. गाऱ्हाणे गावाला पाठ होते. पण पुराणातल्या असुराला आणि आमच्या जनार्दनाला जोडण्याइतका वेळ मी कोणाला देत नव्हतो.

"ते," तो सावकाश म्हणाला, "राणीचे दैव."

"राणीचे दैव, की राजाने प्यालेले बळ? बाहेरून बळ आले, तेव्हा आतले बीज सुकले. वैद्याने सांगितले, ते नीलकंठाने आपल्या कंठात धरले आहे. आणि तूही ते ऐकलेले आहेस. ऐकून हसलास. तिला सवय झाली, असे म्हणालास. मग सांग, असुरा, दरवर्षी देवाच्या दारात तू दोष कोणाच्या नावाने मांडतोस?"

मी थांबलो. आता त्याची पाळी होती.

जनादादाने तोंड उघडले. रंगवलेल्या भुवयांखाली त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि मग ते माझ्या खांद्यावरून, बायकांच्या बाजूला गेले. तात्यांनी एक सूर दिला. दुसरा दिला. जनादादा घरच्या बोलीत, ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाला, "निळू, गप रव." मी गप्पच होतो. शब्द आमच्या दोघांच्या मध्ये फळीवर पडला होता, आणि तो उचलायला कोणी वाकले नाही. अखेर तात्यांनी स्वतःच पद सुरू केले, असुराने ओंजळ पुढे केली, आणि आख्यान पुढे सरकले. लोकांना मधला तो थांबा तात्यांची करामत वाटला. नंतर पुष्कळांनी मला सांगितले की मोहिनीचा तो नारायणी आवाज फार छान योजला होता.

पहिल्या रांगेकडे मी पुन्हा पाहिले नाही.

दिवे लागले. गाऱ्हाण्यांसाठी सगळे सभामंडपात जमले. जनादादाने मुकुट उतरवला होता, पण तोंडाचा हिरवा रंग तसाच होता. मी लुगड्यातच, खांबाच्या मागे उभा होतो. गावकारांनी एकेकाचे नारळ घेतले. कोणाची नोकरी, कोणाचा खटला, कोणाची गुडघेदुखी. मग वैजूवयनी पुढे झाली. त्यांनी न विचारताच तिचा नारळ घेतला आणि दरवर्षीच्या लयीत सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ही वैजयंती जनार्दन सावळ आज तुझ्या पायाकडे इली आसा..."

"जरा रवा, गावकारांनू," ती म्हणाली.

गावकार थांबले. गाऱ्हाणे मध्येच कोणी थांबवल्याचे माझ्या आठवणीत नाही.

"माज्या नावान नको. हेंच्या नावान घाला."

"अगो, मूल तुका व्हया मां?"

"व्हया. पण खोट हेंच्यात आसा." शब्द एकेक करून येत होते, तिने टाके घालावेत तसे. "इतकी वर्सा चुकीचा नाव सांगल्यार देव तरी काय करतलो?"

दीपमाळेवर वात चरचरली. सगळी तोंडे जनादादाकडे वळली. घामाने त्याचा हिरवा रंग गळ्यावर ओघळला होता. तो नाही म्हणाला असता तर त्याचे चालले असते. गाव त्याच्या बाजूने उभा राहिला असता, हे मला पक्के ठाऊक आहे. पण त्याने नाही म्हटले नाही. त्याने होयही म्हटले नाही. तो फक्त आपल्या दंडांकडे पाहत राहिला, जणू ते कोणाचे तरी मागून आणलेले होते.

म्हाताऱ्या गावकारांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच वाट चुकलेल्या माणसासारखे, शब्द चाचपत ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हो जनार्दन सावळ... हेच्या हातसून जा काय चुकला आसात, हेच्यात जी काय खोट आसात... ती दूर कर म्हाराजा."

आणि थांबले. इथे गावाने बोलायचे असते. गाव बोलेना. वैजूवयनी देवाकडे पाहत होती. या खेपेला तिची मान खाली नव्हती. तिच्या खांद्यांवरून दिसत होते की ती वाट पाहते आहे. पुन्हा एकदा शब्द पडला होता.

घशातला तो जाड, खालचा, न मागता मिळालेला आवाज मी वर ओढला.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

तो गाभाऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, होय म्हाराजा. मग आणखी कोणी.